मंजूर भाकर

राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा नागपूर मुंबईकडे गेलं आणि आमचं सौसर भोपाळकडे राहिलं. त्या वर्षी आम्ही पाच जणींनी मिळून सौसरच्या आठवडी बाजारात झुणका-भाकरीचं दुकान मांडलं होतं. धान्य महाग होतं. कापसाच्या जिनातल्या मजुरांना, मोहगावहून पायी आलेल्या बायांना परवडेल असं पोटभर जेवण आमच्याकडेच मिळायचं.

एका बाजाराला अन्न तपासणारा नवा सरकारी साहेब आला. तपासल्याशिवाय भाकर विकता येणार नाही म्हणाला आणि एक भाकर डब्यात घालून त्यानं लाखेची मोहर मारली. डबा जुन्या सवयीनं नागपूरला गेला. तुमचं राज्य आता वेगळं, म्हणून तिथून परत आला. मग भोपाळला गेला. तोवर आमची विक्री चालूच होती. चार महिन्यांनी भाकर आणि कागद सोबतच आले: ही भाकर विकण्यास परवानगी आहे.

"आन् ह्या गरम भाकरी आम्ही काय चोरून विकून राहिलो, साहेब?" मी विचारलं.

"बाई, वो जाँची कहाँ गई हैं?"

माझं डोकंच फिरलं. ती दगडासारखी भाकर मी दुकानासमोर खुंटीला टांगली. दर बाजाराला साहेब यायचा, ती जागेवर आहे ना बघायचा, आणि मग मांडी घालून आमच्या दोन गरम भाकरी हाणायचा.

पावसाळ्यात ती भाकर उंदरानं खाल्ली. एवढा बाजार आम्ही जेवू घातला, पण कायद्यानं जेवला तो एकटा उंदीर.