मेंढीच्या पाठीवरची विटी

चहा घ्या आधी, कारण ही गोष्ट काढली की माझं डोकं फिरतं. अन् राग तरी कुणावर काढावा? फिरून फिरून माझ्याच अंगावर येतो!

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी कुरुंद्याचा, बायको हट्ट्याची. दोन्ही गावांत विटीदांडूचा सामना ठरला. हरेल त्या गावानं दुसऱ्याला हुरडा खाऊ घालायचा. माझा पाय मुरगळलेला, म्हणून मला पंच केलं. एका गावचा लेक अन् दुसऱ्याचा जावई, दोघांना बराबर न्याय देईल म्हणे. न्याय!

शेवटचा डाव हट्ट्याचा. खेळायला कोण, तर माझा मेव्हणा तुळशीराम. त्यानं असा टोला हाणला की विटी वावर ओलांडून गेली. तिथं मारोतीबा म्हणून एक म्हातारा मेंढरं चारत होता. विटी गेली ती एका मेंढीच्या लोकरीत रुतली. मेंढी बिचकली अन् विटी घेऊन चालू लागली.

आता तुम्हीच सांगा, काय निकाल द्यायचा? विटी पडेल तिथपर्यंत दांडूनं मोजायचं, हा नियम. पण ही पडलीच कुठं? सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. डाव परत खेळा म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण मला अक्कल पाजळायची हौस ना! मी छाती काढून फैसला दिला, "विटी भुईला टेकली न्हाई. खेळ चालू."

झालं. अंतर वाढावं म्हणून तुळशीरामची माणसं मेंढी आणखी लांब हाकलायला धावली. आमच्या कुरुंद्याचा म्होरक्या गणबा म्हणाला, टेकली न्हाई तर झेलही चालतो; पाठीवरून विटी उचलली की तुळशीराम बाद. तेही बराबरच होतं, करता काय? मी मान डोलावली. मग तीही माणसं धावली. कळप उधळला. अर्धी मेंढरं हळदीच्या वावरात, अर्धी माळावर, अन् विटीवाली कोणती ते कुणालाच कळेना. दोन्ही गावं मेंढ्या धरधरून लोकर चाचपून राहिली!

मारोतीबा काठी घेऊन आला. त्यानं एवढंच विचारलं, "माझी मेंढरं खेळात कोणी घेतली?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मेव्हण्यानंसुद्धा.

मी नियम समजावू लागलो, तर म्हाताऱ्यानं काठीनंच माळ दाखवला. "तूच आण गोळा करून."

मुरगळलेला पाय ओढत मी काट्याकुट्यांतून फिरलो. ठरवलं, आता जातो अन् दोन्ही गावांना बाद करून टाकतो.

शेवटचं कोकरू खांद्यावर घेऊन परत आलो, तर काय! बाभळीची नवी विटी तासून यांचा खेळ जोरात चाललेला.

माझा पाराच चढला. "काहून रे, पंचाबिगर कसे खेळून राहिले?"

तुळशीरामनं विटीवरची नजरही न काढता सांगितलं, "पंच नको आता, दाजी. आमचं आमी भांडून घेतो."