अडीच आटे

धाकट्या भावाचा उजवा गुडघा आता वाकत नाही, आणि त्याला कारण मी आहे. सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात तसंही कुणी फार बोलत नाही, त्यामुळे माझं गप्प राहणं कुणाला वेगळं वाटलं नाही.

आमचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठाला. केळी, पपई आणि दावणीला कायम एक-दोन घोडी. मी सैन्यात गेलो तोही जनावरांच्याच कामाला, डोंगरावर सामान नेणाऱ्या खेचरांच्या तुकडीत. निवृत्त झाल्यावर हिमाचलातल्या एका बर्फाच्या गावात दरवर्षी हिवाळ्यापुरता जाऊ लागलो. तिथे एकाचं बर्फावरच्या खेळाचं सामान भाड्याने देण्याचं दुकान होतं. मी मागच्या खोलीत बसून फळ्या तयार करायचो. कडांना कानशीने धार लावायची, तळाला मेण द्यायचं, स्क्रू बघायचे. खोगीर-लगामात वाढलेल्या माणसाला ते काम जड गेलं नाही.

स्नोबोर्ड म्हणजे बर्फावरून घसरत जायची फळी, दोन्ही पाय तिला बांधलेले. नेहमीची फळी रुंद असते, बूट मऊ असतात, माणूस तिच्यावर आडवा उभा राहतो. पण एक अरुंद जात असते, मधोमध जेमतेम वीतभर रुंद. ती फक्त कडेवर चालवायची. वळणात माणूस इतका कलतो की हात बर्फाला लागतो आणि मागे विळ्याने ओढल्यासारखी बारीक रेघ राहते. तिची मांडणीच वेगळी. बूट वीतभरापेक्षा लांब, म्हणून पाय आडवा ठेवून चालत नाही. बोटं एका बाजूने आणि टाच दुसऱ्या बाजूने बाहेर येते, फळी कलली की बुटाचं टोक बर्फात रुततं आणि माणूस फेकला जातो. त्यासाठी दोन्ही पाय तिरपे, जवळजवळ समोर तोंड करून लावायचे. पुढच्या पायाच्या बोटांखाली पाचर, मागच्याच्या टाचेखाली पाचर. बूट टणक प्लास्टिकचा. टाचेवर एक लोखंडी कडी, बोटांवर दुसरी, आणि बोटांवरच्या कडीला खटका. खटका जोर लावूनच बंद झाला पाहिजे. सहज बंद झाला तर समजायचं, कडी सैल आहे.

दुकानदाराने पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "दोनों पैर बंधे, नहीं तो दोनों खुले. एक खुला तो दूसरा गया."

हे मला माहीत होतं. अजाणता झालं असं म्हणायची सोय मला नाही.

भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि घोड्याच्या बाबतीत माझ्याहून कितीतरी वरचा. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत अनोळखी माणसं त्याला हाक मारायची, "भाऊ, जरा तंग देखी दे." तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. तो पट्ट्याखाली दोन बोटं सरकवायचा आणि एक भोक कमी की जास्त ते सांगायचा. कुणी वाद घालत नसे. एकदा एक म्हातारा व्यापारी म्हणाला होता, या पोराच्या बोटांत काटा आहे, तराजूचा.

यात्रा आटोपली की तो महिनाभर माझ्याकडे यायचा. दोन हिवाळ्यांत रुंद फळी शिकला. तिसऱ्या वर्षी त्याने भिंतीला टेकवलेली अरुंद फळी पाहिली.

"भाऊ, ती रुंद म्हंजे बैलगाडी. हाई घोडी शे."

"घोडी खाले पाडस बी," मी म्हणालो.

"तुले पाडं व्हई." मग त्याने टणक बूट उचलून बघितला. "हाऊ बूट शे का नांगरना फाळ?"

सकाळभर मी ती त्याच्यासाठी लावली. कोन मोजले, पाचरी बसवल्या, त्याच्या तळव्याच्या मापाने कड्या सरकवल्या. सगळं बरोबर लागलं होतं. तो चहा आणायला गेला आणि मी मागच्या पायाच्या कडीकडे बघत बसलो.

आमच्या वडिलांचा एकच कायदा होता. घोड्यावर बसताना रिकिबीत नुसता चवडा ठेवायचा, पाय आत घालायचा नाही. पडलास तर पाय सुटला पाहिजे. लहान असताना यात्रेच्या मैदानात मी एक माणूस पाहिला होता. त्याचा पाय रिकिबीत अडकला आणि घोडी त्याला उसाच्या फडापर्यंत ओढत घेऊन गेली. परत आणला तेव्हा त्याच्या डोक्यावर पटका टाकलेला होता. मला त्याचे जोडे आठवतात; एक होता, एक नव्हता. आणि इथे माझ्या भावाचे दोन्ही पाय मी लोखंडात अडकवणार होतो.

मी खिशातली स्क्रूची चावी काढली आणि मागच्या पायाच्या खटक्याचा स्क्रू अडीच आटे सैल केला. जोराचा झटका बसला तर निदान एक पाय सुटावा, एवढाच हिशेब होता. दुकानदाराचं वाक्य तेव्हाही डोक्यात होतं. पण त्याच्यापेक्षा मला वडिलांचं खरं वाटलं.

वर चढणीवर भावाने खटके लावले. पुढचा कट्कन बसला. मागचा नुसता टेकला. तो थांबला. वाकून पुन्हा उघडला, पुन्हा लावला.

"हाऊ इतला सहज लागस का?"

"लागस," मी म्हणालो.

तिसऱ्या फेरीत, टाचेच्या बाजूला कलून घेतलेल्या वळणावर मागचा पाय सुटला. फळी पुढच्या पायाला तशीच बांधलेली, तिची कड बर्फात, आणि त्याचं सगळं अंग दुसरीकडे. घोडी निदान ओढत तरी नेते. ही जागच्या जागी फिरली, आणि पाय तिच्याबरोबर फिरला. मी पोचलो तर तो आभाळाकडे बघत पडला होता.

"भाऊ, मन्हा पाय कोठे शे?"

माणसं बर्फावरची घसरगाडी घेऊन आली आणि त्याला खाली घेऊन गेली. मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं. मी फळी उचलून दुकानात आलो, मागची खोली आतून लावली आणि अडीच आटे परत आवळले. भाऊ दवाखान्याच्या वाटेवर आणि मी हे करत होतो. नोकरीची भीती होती का? होती. पण खरी भीती होती ती वेगळीच. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, तर काय दिसेल त्याला?

दुकानदार आला, त्याने स्वतः खटका लावून पाहिला. कडक. म्हणाला, "खुला रह गया होगा उससे."

"हां जी," मी म्हणालो.

शस्त्रक्रियेनंतर भाऊ शुद्धीवर आला. म्हणाला, "मन्हाकडथूनच खटका उघडा ऱ्हायी गया व्हई."

त्या वेळी बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हस असं कधी कधी."

गुडघ्यात दोनदा सळ्या पडल्या, पण तो वाकला नाही. त्याला घोड्यावर बसता येईना. घोडी म्हसावदच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. मी हिमाचलला जाणं बंद केलं. लोकांना वाटलं, भावासाठी राहिला. दुकानदाराने ती फळी आणि बूट मलाच देऊन टाकले. म्हणाला, ही आता दुकानात नको. गोणपाटात गुंडाळून मी ती तबेल्याच्या माळ्यावर टाकली.

पाय गेला याची सवय मी करून घेतली असती. माणूस कशाचीही सवय करतो. पण त्याचं दुसरंच काहीतरी गेलं होतं, ते हळूहळू दिसू लागलं. रात्री झोपण्याआधी तो गॅसचं बटण बघायचा, पुन्हा जाऊन बघायचा, अंथरुणावरून उठून तिसऱ्यांदा बघायचा. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बंद करून बांधापर्यंत यायचा आणि दुखऱ्या पायाने परत जायचा. फाटकाची कडी लावून हलवायचा, चार पावलं जाऊन वळायचा. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, यांना काही सांगा ना. पोरं हसतात." मी मान हलवली.

गेल्या यात्रेत आम्ही दोघं गेलो होतो. एका ओळखीच्या माणसाने नवी घोडी घेतली होती, तो जुन्या सवयीने म्हणाला, "भाऊ, तंग देखी दे."

भावाने दोन्ही हात खिशात घातले. "दुसराले दखाड. मन्हा हातना भरोसा नही ऱ्हायना."

त्याच्या हाताने त्या दिवशी बर्फात बरोबर ओळखलं होतं. मीच त्याच्या हाताला खोटं पाडलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी मी फळी माळ्यावरून उतरवली. तो तबेल्यात बाजेवर बसला होता. मी बूट मागच्या पायाच्या जागी ठेवला, खटका जोर लावून बंद केला, उघडला. चावीने स्क्रू अडीच आटे फिरवला आणि फळी त्याच्यापुढे सरकवली.

"आते लाव."

त्याने लावला. नुसता टेकला. त्याने उघडला, पुन्हा लावला. चार-पाचदा केलं. मग बोटं त्या कडीवरच राहिली.

"हाऊच आवाज व्हता," तो म्हणाला.

"हा."

"मी इचारं व्हतं तुले."

"हा."

"तू बोलना, लागस."

मी सगळं सांगितलं. वडिलांचा कायदा, मैदानातला माणूस, आतून लावलेली खोली, चावी. दवाखान्यातलंही. शेवटी तो म्हणाला, "घोडा पयी जास, भाऊ. फळी कोठे जाई?"

घोडा बिथरून पळतो म्हणून वडिलांचा कायदा होता; फळी कुठे पळणार, हा हिशेब मी त्या दिवशी केलाच नव्हता. माशा होत्या, घोड्याच्या रिकाम्या जागेवर बकरी बांधलेली होती, ती पेंढा खात होती. मला वाटलं तो शिवी देईल. त्याने बूट फळीवरून काढला, बाजूला नीट उभा ठेवला आणि काठी घेऊन उठला.

"फाटक लाई ये," एवढंच म्हणाला.

मी तबेल्याचं फाटक ओढलं, कडी घातली आणि बाजूला झालो. तो माझ्या मागून पाय ओढत आला, कडी हातात धरली, दोनदा हलवून पाहिली, आणि घराकडे गेला.

त्याला आता तीन महिने होत आले. मोटार तो एकदाच बंद करतो आणि सरळ घरी येतो. गॅसकडे वळून बघत नाही. त्याची बायको म्हणते, देवाने ऐकलं. फाटक मात्र संध्याकाळी मी लावतो, आणि ते तो रोज तपासतो.