तलावातली तार

आसगावकडच्या आमच्या तलावाची राखण सेवकराम करायचा. मासेमार सोसायटीनं त्याला ठेवलं होतं. मासे चोरणारे निम्मे त्याचेच नातेवाईक, तेव्हा पकडायचं कोणाला? चोरांची जाळी फाटावीत म्हणून तो पाण्यात बाभळीची काटेरी खोडं गाडायचा. चोर ती उपटून चुलीत घालायचे. त्या वर्षी त्यानं सगळी खोडं जाड तारेनं एकमेकांना बांधली आणि आठवडाभर छाती काढून गावात फिरला.

उन्हाळ्यात जंगल पेटलं. आग विझवायला हेलिकॉप्टर आलं. खाली लोंबणारी मोठी कापडी बादली तलावात बुडवायची आणि आगीवर नेऊन ओतायची, असं त्याचं काम. सारं गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर जमलं. पायलट तरुण होता, आम्हाला हात हलवायचा. सेवकराम टोपी काढून उत्तर द्यायचा. दुसऱ्या दिवशी बादली वर येता येता कुठंतरी अडली, हेलिकॉप्टर एका अंगावर कललं आणि आमच्या डोळ्यांदेखत पाण्यात आदळलं. सेवकरामनंच पोहत जाऊन पोराला बाहेर काढलं. जीव आधीच गेला होता.

चौकशीला साहेब आले. बादली फाटलेली सापडली, पण ती आदळताना फाटली असं त्यांना वाटलं. पायलटनं झेपेल त्याहून जास्त पाणी उचललं असावं, असा त्यांचा कल दिसू लागला. झालं, ज्यांना सायकल धड चालवता येत नाही तेही टपरीवर बसून पायलट कच्चा होता म्हणू लागले. मला भयंकर संताप यायचा.

सोसायटीचे अध्यक्ष टेकचंद सेवकरामला बाजूला घेऊन म्हणाले, "तार काढून टाक. पाण्यातलं कोणाले दिसते? सोसायटी बुडन आपली."

"अन् त्या पोराचं नाव?"

"तो तं मेला ना, बाबू."

दुसऱ्या दिवशी सेवकराम साहेबांसमोर छातीभर पाण्यात उतरला आणि तार ओढून वर आणली. तिच्यात बादलीच्या नारिंगी कापडाचा तुकडा अडकलेला होता.

"मीच बांधलो जी ही तार," तो म्हणाला. "पोराची गलती नाही."

तार बांधली तेव्हा इथून पाणी नेणार हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याचा दोष नाही, असं साहेबांनी मानलं. पायलटवरचा ठपकाही गेला. सोसायटीनं मात्र सेवकरामला काढून टाकलं.

मग नागपूरहून पायलटचे वडील आले. पाळीवर बराच वेळ उभे राहिले. सेवकरामला पाहताच त्यांनी हात जोडले. "तुमच्यामुळे माझ्या पोराच्या नावाला बट्टा लागला नाही," म्हणाले. सेवकरामला त्यांच्याकडे बघवेना.

आता तो पवनीला हमाली करतो. परवा अड्याळच्या बाजारात भेटला. वाळला आहे. मी म्हटलं, "सेवकराम, साहेबांनीच सांगितलं ना, तुझा दोष नाही म्हणून?"



"त्या बापानं मले शिव्या द्याच्या होत्या," तो म्हणाला. "हात काहून जोडले जी?"