हौदातली निवेदिका

पुंडलिकनगरात एका खोलीत आम्ही तिघांनी इंटरनेटवरचा रेडिओ सुरू केला आणि वर्षभरात निवेदक शोधण्याची स्पर्धाही लावली. वेबसाइट माझ्याकडे होती. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकुनी, त्यामुळे मी आधी नियम लिहिले, मग पान सजवलं. दोन मिनिटांचं निवेदन मोबाइलवर रेकॉर्ड करून वेबसाइटवर चढवायचं, मागे गोंगाट नको, आवाज घुमायला नको.

ते वर्ष दुष्काळाचं. शहर मात्र चहूकडे वाढत होतं. गल्लोगल्ली बोअरची मशीन नाहीतर स्लॅबचा मिक्सर. अशा ठिकाणी लोकांकडे शांतता मागणारी मी, शहाणीच म्हणायची. निम्म्या फायली मी परत पाठवायचे.

बजाजनगरच्या एका बाईंची फाइल तीनदा परत केली. आवाज मोठा गोड, पण विहिरीतून आल्यासारखा. चौथ्यांदाही तसाच आला तेव्हा रागाने फोनच लावला.

"अहो, नियम वाचलेत का?"

"वाचले ताई. पण मी हौदात बसून बोलते ना. घुमणारच."

घर एका खोलीचं. त्यांचे यजमान वाळूजच्या एका कारखान्यात रातपाळी करून दिवसा झोपायचे. बाहेर शेजाऱ्यांचा दुसरा मजला चढत होता. अंगणातला जमिनीखालचा हौद टँकरअभावी आठ-आठ दिवस कोरडा असायचा, म्हणून या झाकण काढून शिडीने आत उतरायच्या. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, चारी भिंतींना गोधड्या लावून बघा. दुसऱ्या दिवशी जी फाइल आली ती मी तीनदा ऐकली, आणि नियम तपासायला म्हणून नाही. बाई शेवटच्या पाचांत पोचल्या.

शेवटच्या फेरीचा विषय दुपारी तीनला वेबसाइटवर येणार होता आणि चारला फॉर्म आपोआप बंद होणार होता. ती सोय मीच करून ठेवली होती. विषय होता, सकाळचा पहिला कार्यक्रम. सव्वातीनला बाईंचा फोन आला.

"ताई, टँकर आलाय. नऊ दिवसांनी. हौद भरतोय."

"मग घरात बोला."

"हे झोपलेत. रातपाळीचं माणूस, कसं उठवू?"

फोन ठेवून मी घड्याळाकडे बघत बसले. चारला दोन मिनिटं कमी असताना फाइल आली. मागे टँकरची मोटर, बादल्यांची आदळआपट, आणि त्यातून बाईंचा आवाज, जवळजवळ कुजबुजच. सगळ्या शहराला उठवायचा कार्यक्रम त्यांनी एका माणसाची झोप मोडू नये असा केला होता. परीक्षकांनी शेरा दिला, आवाजात दम नाही. बाई पाचव्या आल्या, म्हणजे शेवटच्या. निकाल वेबसाइटवर मीच टाकला, आणि टाकताना मला रडू आलं.

बाकीची प्रमाणपत्रं पोस्टाने गेली. हे एक मी स्वतः घेऊन गेले. बाई चहा टाकायला आत गेल्या. यजमान अंगणात माझ्यासमोर बसले होते. आतल्या बाजूला एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मी जागाच होतो, ताई. माझ्या उशाशी बसून लई बारीक बोलत होती. कूस बदलली तर थांबंल, म्हणून हललो नाय."

"आणि त्या हौदात बोलायच्या तेव्हा?"

"तवाबी जागाच. खिडकीत उभा राहून ऐकायचो."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"जागा हाय कळलं असतं तर भाकरी टाकाया वर आली असती. तिचं बोलणं राहिलं असतं." मग हौदाच्या झाकणाकडे बघत म्हणाले, "पर त्या दिवशी उठून भाईर गेलो असतो, तर मोठ्यानं बोलली असती. तेवढं सुचलं नाय बगा. माझ्यापायी हारली."

तेवढ्यात बाई दारात आल्या आणि सवयीप्रमाणे हळूच विचारलं, "साखर किती टाकू, ताई?"

"मोठ्यानं बोल की," ते म्हणाले. "जागा हाय मी."