मेधाचं वीतभर विमान

मेधाच्या नंबरवरून मेसेज आला, ‘मेधा गेली. आज सकाळी. अप्पा.’ आणि मी तो खरा मानला नाही. हल्ली ओळखीच्या नंबरवरून काहीही येतं, लोक फसतात. शिवाय हा धडा मला तिनंच दिलेला. “शुभा, माझ्या नावानं काही विचित्र आलं तर आधी माझा आवाज ऐक, मग विश्वास ठेव,” असं ती अधूनमधून बजावत असायची. म्हणून मी आवाज ऐकायला फोन लावला. उचलला तिच्या वडिलांनी, अप्पांनी. “हां,” म्हणाले, पुढे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागे कोणीतरी बाई रडत होती... अंबरनाथहून बदलापूरला जाताना रिक्षात बसूनही माझं मन म्हणत होतं, यात काहीतरी गडबड आहे. गडबड काही नव्हती. पहाटे छातीत कळ आली आणि हॉस्पिटलच्या दारातच सगळं संपलं. आता काही आठवडे झालेत. तिच्याबद्दल लिहायला बसले आहे, आणि ती मागून वाचत असेल, एखादा शब्द खोडायला सांगेल, असं अजून वाटतंय.

डॉ. मेधा बदलापूरच्या कुळगावात, राहत्या घराच्या पुढच्या खोल्यांत दातांचा दवाखाना चालवायची. लोकांना ती माहीत होती ती हलक्या हाताची डॉक्टर म्हणून. आणि थोडी खडूसही. आधी कुठे दाखवलं होतं, तिथून का आलात, खरं सांगा, अशी उलटतपासणी केल्याशिवाय ती पेशंटला आ करायला सांगत नसे. मी अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवते. दाढ दुखते म्हणून तिच्याकडे गेले आणि आतल्या खोलीचं दार चुकून उघडं राहिलं होतं म्हणून आमची मैत्री झाली. आत टेबलावर दातांच्या कवळ्यांच्या साच्यांशेजारी एक छोटं विमान उभं होतं. पंख वर, चाकं खाली, काचेची केबिन. मी म्हटलं, “किती गोड आहे!” तिनं आधी दार लावलं. मग विचारलं, “तुम्ही कोणाकडून ऐकलं याच्याबद्दल?”

ते ‘कृषक’ होतं. नाव शेतकऱ्याचं, पण विमान लष्कराचं. बाँब टाकायला नव्हे, बघायला. तोफांचे गोळे कुठे पडतायत हे वरून बघून सांगायचं, एवढंच त्याचं काम. मागची खुर्ची गोल फिरायची, म्हणजे बसणाऱ्याला पाठीमागचंही दिसावं. मेधाचे अप्पा मूळचे कुळगावातल्याच शेतकरी घरातले, तरुणपणी फौजेत गेले आणि काही वर्षं या विमानांच्या देखभालीवर होते. लहानपणी मेधानं गोष्टी ऐकल्या त्या या विमानाच्या. पुढे प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद लागला तेव्हा तिनं साहजिकच ‘कृषक’चं किट शोधलं. कुठेच नव्हतं. “जर्मनांच्या एका लढाऊ विमानाची किट्स काढून काढून कंपन्या थकत नाहीत,” ती चिडून म्हणायची. “नाकाचा रंग बदलला की नवा डबा. आणि आपलं हे? आपली लढाऊ ‘मरुत’, ‘अजीत’ निदान कुणी नावानं तरी ओळखतं. याचं नावही कुणाला ठाऊक नाही. मारणारं विमान सगळ्यांना हवं, बघणारं कोणालाच नको.” तिनं परदेशातल्या कंपन्यांना लिहिलंही होतं. एकीचं नम्र उत्तर आलं की मागणी नाही. त्यावर तिचा संशय असा, की तिनं पाठवलेले फोटो ठेवून घ्यायचे आणि काही वर्षांनी गुपचूप किट काढायचं, असा त्यांचा डाव आहे. तेव्हापासून तिनं कोणाला फोटो पाठवणं बंद केलं आणि स्वतःच मूळ नमुना घडवायला घेतला. बहात्तरपट लहान, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत वीतभर.

हात तिचा दातांवर बसलेला. ज्या अक्रिलिकनं ती कवळ्या करायची त्यातच तिनं पंख कोरले, ज्या यंत्रानं पेशंटचे दात घासायची त्यानं दारांच्या रेषा काढल्या. अप्पा शेजारी बसून सांगायचे. पण अप्पांची आठवण मोठी बेभरवशाची. एक दिवस म्हणायचे मागची काच वाकडी होती, दुसऱ्या दिवशी म्हणायचे सरळ. ती जुना फोटो पुढे धरायची की म्हणायचे, “बाय, मी काय फोटो काढत बसलेलो काय तिथं? मी नट आवळीत होतो.” शेवटी ती कुठल्याशा लष्करी आवाराच्या फाटकाशी उभं केलेलं एक खरं ‘कृषक’ बघायला गेली, मला सोबत घेऊन. तिथे टेप लावायची परवानगी नव्हती. हिनं पर्समधून दात साफ करायचा दोरा काढला आणि गाठी मारत मारत चाकं मोजायला लागली. पहारेकरी धावत आला. “मॅडम, ये क्या कर रही हो?” ही शांतपणे म्हणाली, “मैं दाँतों की डॉक्टर हूँ.” त्याचा संशय दुप्पट झाला. आमची नावं, पत्ते, येण्याचं कारण, सगळं विचारून मगच सोडलं. परतीच्या वाटेभर ती धुमसत होती. “माझ्यावर संशय घेतो म्हणजे काय!” मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

नमुना तयार झाल्यावर तिनं रबरी साचा केला आणि त्यातून मोजक्या प्रती काढल्या. त्या ठेवायच्या डब्यांवरचं चित्र मी काढायचं ठरलं होतं, म्हणून एक प्रत मला दिली. देताना चेहरा असा, जणू कोणाला मूल दत्तक देतेय. चित्र झालं तसं मी ती प्रत परत करायला गेले. मेधा दवाखान्यात नव्हती, घरी अप्पा होते. त्यांच्या हातात दिली, चहा घेतला आणि निघाले. विसरूनही गेले.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. “ताबडतोब ये.” आवाज थंड होता. गेले तर टेबलावर एक स्वस्तातलं, भडक पिवळ्या प्लास्टिकचं खेळण्यातलं विमान. उपचाराच्या खुर्चीत बसलेल्या एका चिमुरडीच्या मुठीत तिला ते दिसलं होतं. तिच्या आईनं ते उल्हासनगरहून, कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेलं. बदल्यात बाहुली देऊन मेधानं ते ठेवून घेतलं होतं. ‘कृषक’च होतं ते, हुबेहूब. तिनं ते उलटं केलं आणि भिंगाखाली धरलं. डाव्या पंखाच्या मुळाशी दोन बारीक ठिपके होते.

“प्रत्येक प्रतीवर मी वेगळी खूण केली होती,” ती म्हणाली. “कोणाकडून फुटलं तर कळावं म्हणून. दोन ठिपके तुझ्या प्रतीवर होते.”

मला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा कानशिलं तापली. “म्हणजे पहिल्या दिवसापासून तू मला चोर धरलं होतंस?”

“चोर नाही. शक्यता.”

मी सांगितलं की ती प्रत मी अप्पांकडे दिली होती. तिनं आत हाक मारून विचारलं. अप्पा दारात आले, टेबलावरच्या पिवळ्या विमानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि म्हणाले, “मना नाय आठवत.” बस्स. मेधानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरू शकत नाही. रागाची नव्हती ती. हिशेब जुळला, अशी होती... पण मला त्या क्षणी अप्पांचं न बघणं टोचलं. म्हाताऱ्याला विसर पडला असता तर तो माझ्याकडे बघून, आठवायचा प्रयत्न करून म्हणाला असता. हा माणूस काहीतरी लपवतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी मेधासारखा विचार करत होते.

“चल,” मी म्हटलं, “ज्यानं बनवलं त्यालाच विचारू.” दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कॅम्प दोनला गेलो. रिक्षात दोन टोकांना बसून. खेळण्यांच्या दुकानांतून विचारत विचारत एका गल्लीत पोचलो. पुढे दुकान, मागे प्लास्टिक ओतायचं मशीन. गरम प्लास्टिकचा वास, पोत्यांत भरलेल्या शिट्ट्या, भोवरे आणि एका टोपलीत ती पिवळी विमानं. गल्ल्यावर एक वयस्क सिंधी गृहस्थ. मेधानं विमान त्यांच्यापुढे ठेवलं आणि पोलिसाच्या थाटात विचारलं, “ये आपको किसने दिया?”

ते जरा चाचरले. आम्ही सरकारी माणसं असू असं वाटलं असणार. मग म्हणाले, “साईं, चोरी का माल नहीं है. एक बुज़ुर्ग आए थे, बदलापुर से. बोले, फौज में इस पे काम किया है. बोले, बना दो, बच्चे खेलेंगे. मैंने पूछा, कितना लोगे? बोले, कुछ नहीं, बस एक मुझे दे देना.”

मेधा तिथेच एका पोत्यावर बसली. त्यांनी पाणी आणून दिलं. ते तिनं आधी निरखून बघितलं, मग प्यायली.

अप्पा अंगणात खाटेवर बसले होते. आम्हाला दोघींना एकत्र बघून त्यांना कळलंच. मेधा काही विचारायच्या आत म्हणाले, “मीच दिलाय.”

“मला विचारायचं होतंत.”

“विचारला असता तर दिला असतंस?”

तिनं पर्समधून पिवळं विमान काढून खाटेवर ठेवलं.

“सगल्यांकडे त्या लढाईच्या विमानांची खेळणी हायत,” अप्पा म्हणाले. “आमच्याला कोन ओळखतंय? तू एवढा सुंदर केलास आणि कपाटात कोंडलास. पोरांनी उडवला तर काय बिघडला? मोडला तर मोडला. मी किती वेळा जोडलाय खरा.” मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदा डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, “तुझ्यावर आळ आला तवा बोलायला पायजे होता मी. घाबरलो मी हिला.”

मेधाची आणि त्यांची पुढे कितीतरी दिवस बोलाचाली नव्हती. माझी माफी तिनं मागितली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. एके दिवशी माझ्या शाळेत आली, स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि एक डबी माझ्या हातात ठेवली. आत ‘कृषक’ची नवी प्रत होती. घरी जाऊन मी दिव्याखाली ती उलटसुलट बघितली. पंखाखाली, शेपटीखाली, चाकांच्या आत. कुठेच खूण सापडली नाही. आता ती खरोखरच नव्हती, की तिनं मला सापडू नये अशी केली होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. आमची मैत्री मात्र त्यानंतर जास्त घट्ट झाली, हे खरं.

तिच्या शेवटच्या वर्षात पुण्याकडच्या दोघा भावांनी तिच्याशी संपर्क केला होता. विस्मरणात गेलेल्या देशी विमानांची चांगली किट्स काढायची, सुटे भाग, पंखांवर चिकटवायची चिन्हं, माहितीपत्रक, सगळं नीट, असा त्यांचा बेत. पहिलं ‘कृषक’. मेधा त्यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारत राहिली, पण मूळ नमुना काही दिला नाही. “माणसं बरी वाटतात,” असं मला म्हणाली, “म्हणूनच भीती वाटते.” ती गेल्यावर त्या भावांचा मला फोन आला. साचा अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात होणार होता. नमुना मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मला वाटलं, अप्पा तर हसत देतील. ज्यानं कॅम्प दोनला प्रत फुकट देऊन टाकली, तो माणूस.

मी गेले तर अप्पांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. माझं बोलणं ऐकून घेतलं. मग सुरू झाले. “कोन हायत ते? तू त्यांच्या घरी गेलंस काय? कारखानेवाला कसा हाय? नमुना परत कवा देतील? नक्कल करून दुसऱ्याला विकला तर?” मी उत्तरं देत राहिले. त्यांना एकही पटलं नाही. शेवटी म्हणाले, “देतो. पण मी सोबत येनार.”

आता ते रोज येतात. सकाळी बदलापूरहून रिक्षानं, मांडीवर नमुन्याची डबी दोन्ही हातांनी धरून. कारखान्यात मशीनशेजारी भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसतात. नमुना ज्याच्या हातात असेल त्याच्या बोटांकडे एकटक बघतात. जेवायच्या सुट्टीत डबी मागून घेतात, जेवण झालं की परत देतात. काल मी डोकावले तेव्हा पोलादी ठोकळ्यात एका पंखाचा खोलगट आकार उमटला होता, आणि अप्पा चष्मा कपाळावर चढवून त्यावरून अंगठा फिरवत होते. कारखान्याचे मालक मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मॅडम, बाबा फार संशयी आहेत हो.”

मी म्हटलं, “मुलीवर गेलेत.”