सूर्याचा अंदाज आणि चौथा कोपरा

सकाळी चहाच्या आधी मी सूर्याचा अंदाज बघायचो. मोबाईलवर रोजचा येतो: डाग किती, भडका उडेल का, पुढचे तीन दिवस पृथ्वीच्या चुंबकत्वात गडबड राहील का. चंद्रपूरच्या ऑफिसात सगळे चिडवायचे, "काय पंचांगवाले, आज मुहूर्त हाय का?" हसा लेको, म्हणायचो. वनहक्काच्या जमिनी जीपीएसनं मोजणं हे माझं काम. सूर्य खवळला की उपग्रहाचा सिग्नल भरकटतो, हद्द चार-पाच मीटर सरकते. एकदा तसं झालं आणि वरून बोलणी खाल्ली. तेव्हापासून मी या अंदाजाला चिकटलो. खरं सांगायचं तर मला त्याचा ताठाही होता.

जिवतीच्या डोंगरात दहा-बारा घरांच्या गुड्यावर एका म्हाताऱ्याच्या वावराची मोजणी होती. तीन कोपऱ्यांवर दगड होते, चौथा कधीचाच गेला होता. पण म्हाताऱ्याच्या बापानं रीतीप्रमाणे दगडाखाली कोळसा पुरला होता. दगड गेला तरी कोळसा कुजत नाही. तो नेमका कुठं, ते म्हाताऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच कोपऱ्यात त्यांची मोहाची दोन झाडं होती.

म्हातारा कुदळ घेऊन तयार होता. मी मोबाईल काढला. मोठ्या सौर वादळाचा इशारा होता.

"आज नाई जमत, बाबा. सूर्य बिघडला हाय, माप चुकन. परवा येतो."

मला वाटलं चिडेल. त्यानं वर पाहिलं आणि कुदळ खाली ठेवली. "त्याले बरं नाई त काऊन तरास द्याचा? आमी बी काई दिवस नांगर नाई धरत. या परवा."

त्याची सून म्हणाली, "भाऊ, मशीन राहू द्या. नुसता कोपरा त पाहून घ्या."

"दोनदा चढ काऊन चढाचा, बाई? परवा एकदमच पाहू," मी म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

पण त्या परवाच्या दिवशी मला दुसऱ्या कामावर सिरोंच्याला धाडलं. परतलो तो अकरा दिवसांनी. तोवर म्हाताऱ्याचं अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. मोजणीच्या मुदतीचा तो शेवटचा दिवस. अंदाज एकदम शांत, मशीनवरचं माप तसूभर हलत नव्हतं. आम्ही खाट उचलून वावरात नेली. चांगल्या हातानं तो दाखवत होता, आणि तो दाखवेल तिथं आम्ही खणत होतो. बोट कधी इकडे जायचं, कधी तिकडे. पाच खड्डे झाले, कोळसा काही लागला नाही. शेवटी जे तीन दगड होते त्यांच्यावरूनच मी रेघ ओढली. मोहाची दोन्ही झाडं हद्दीबाहेर राहिली.

नंतर बघितलं, त्या पहिल्या दिवशीचं वादळ आलंच नव्हतं. आणि आलं असतं तरी काय, चार-पाच मीटर! मशीन बंद ठेवून म्हाताऱ्यामागं शंभर पावलं चालून कोपरा पाहिला असता तर भागलं असतं. याची मला आजही लाज वाटते.

  मोजणी आटोपल्यावर सून जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुमच्या त्या परवापासून रोज बसत होते बाबा, कुदळ घेऊन. म्हणत, सूर्य बरा झाला का साहेब येतेच."