एरंडेलाचा धूर

परवा भोरच्या बाजारात एरंडेलाची बाटली हुंगली आणि थेट उत्रोलीच्या आमच्या कापलेल्या भातखाचरात जाऊन पोचले.

कॉलेजच्या सुट्टीत मॉडेल विमानाचं नवं इंजिन मी तिथं फळीवर आवळून बसवलं होतं. त्याच्या इंधनात एरंडेल असतं. नवं इंजिन आधी भरपूर इंधन देऊन, धूर काढत, संथ चालवून मोकळं करायचं असतं. माझं पेटायचं, खोकायचं, बंद पडायचं. पंख्याला झटके देऊन देऊन बोट फुटलं. बांधावरून जाणारे म्हणत, "पोरीच्या जातीला कशाला हे?"

आई डबा घेऊन आली. वास घेत म्हणाली, "कुणाचं पोट तुंबलंय गं?"

"इंजिनाचं."

तिनं डब्याचं फडकं फाडून माझं बोट बांधलं. वाटलं, आता घरी चल म्हणेल. ती बांधावर बसली. "मग येळ लागायचाच. फिरीव परत."

या खेपेला इंजिनानं धरलं, ते टाकी संपेपर्यंत थांबलं नाही. आईच्या लुगड्यावर तेलाचे बारीक ठिपके उडाले. ते कधीच गेले नाहीत.

तेव्हा मला वाईट वाटायचं, की आईला दुसरं चांगलं लुगडं नाही. होतं. बाजाराला जाताना ती मुद्दाम ते ठिपक्यांचंच नेसायची.